हरकती व सूचना (असल्यास)

सरकारी मराठीत काही वाक्यं अशी असतात की ती छापून आली की खुशाल समजावं, निर्णय झालेला आहे. "कोणाच्या हरकती अथवा सूचना असल्यास..." हे त्यातलं सर्वात लाडकं. पेपरच्या आतल्या पानावर, निविदा सूचना आणि नाव बदलल्याच्या जाहिराती यांच्या मधे, मुंगीएवढ्या टायपात. मला त्यातला 'असल्यास' हा शब्द भारी आवडतो. म्हणजे तुमच्या हरकती असतीलच असं नाही, नसल्या तर उत्तमच, पण असल्याच तर अमुक मजल्यावरच्या अमुक खोलीत, कार्यालयीन वेळेत, लेखी. आवक-जावकचा शिक्का घ्या आणि घरी जा. पुढे काय झालं ते विचारू नका.

आजचा विषय मात्र त्याहूनही एक पायरी खालचा आहे. बागेचं तिकीट, पोहण्याच्या तलावाचा पास, बॅडमिंटन हॉलचं भाडं, प्राणिसंग्रहालयाची फी यांच्या नशिबी बहुतेक वेळा ही मुंगीएवढी जाहिरातसुद्धा नसते. एका सकाळी खिडकीवर नवा बोर्ड लागतो, बस्स. मध्यंतरी एका सार्वजनिक तलावावर (कुठल्या ते सोडा) पासची चौकशी करायला गेलो होतो. बोर्डावर एक दर, पावतीवर दुसरा. का बदलला म्हणून विचारलं तर खिडकीतले काका म्हणाले, "वरून आलंय." काकांची चूक नाही. त्यांनाही कोणी सांगितलेलं नसणार.

या 'वरून आलंय' बद्दल आज लिहायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: लोकांच्या खेळण्या-फिरण्याच्या जागांचे दर बदलायचे असतील तर आधी हिशोब दाखवा, मग विचारा, आणि विचारताना जो माणूस आज तिथे येऊच शकत नाही त्यालाही विचारा. दर वाढवावेत की नाही ही चर्चा त्यानंतरची.

तुम्ही म्हणाल, महाळुंग्यात बसून तुला हे काय सुचलं? तुमच्याकडे कुठे आहे तलाव? बरोब्बर. नाहीये, म्हणूनच लिहितोय. (आधी एक खुलासा: हे चाकणजवळचं महाळुंगे इंगळे. बालेवाडीशेजारचं म्हाळुंगे वेगळं. त्यांच्याकडे १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं क्रीडा संकुल आहे, २००८ साली तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. आमच्याकडे कंटेनर आहेत. कुरियरवाले मात्र दोन्ही गावांना समान न्याय देतात. ह. घ्या.)

आमच्या गावाची प्रशासकीय अवस्था एखाद्या जुन्या लेगसी सिस्टिमसारखी आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, औद्योगिक क्षेत्र एमआयडीसीचं, आजूबाजूचं नियोजन पीएमआरडीएचं आणि पोलीस पिंपरी-चिंचवडचे. चार मॉड्यूल, चार व्हेंडर, इंटिग्रेशन कोणाचंच नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी चाकणची वाहतूक कोंडी बघायला आले आणि म्हणाले की पुणे जिल्ह्यात आणखी तीन महापालिका कराव्या लागतील, त्यातली एक चाकण आणि परिसराची. ती व्हायची तेव्हा होईल. पण कधी ना कधी ती होणार, नाहीतर आम्ही शेजारच्या महापालिकेत जाणार, यात मला तरी शंका वाटत नाही. पिंपरी-चिंचवडमध्येही १९९७ साली १८ गावं अशीच गेली. महापालिका आली की बाग येईल, तलाव येईल, नाट्यगृह येईल, आणि त्यांच्या मागोमाग तिकीट येईल. ते तिकीट कसं ठरायचं हे ठरवण्याची वेळ खिडकी बांधायच्या आधीची असते. प्रॉडक्शनला गेल्यावर डिझाइन बदलायला किती खर्च येतो हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

आता नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक खरं उदाहरण घेऊ. मुंबईची राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली सुरू झालेली. २०१७ च्या जुलैपर्यंत तिथे मोठ्या माणसाला ५ रुपये आणि मुलांना २ रुपये तिकीट होतं. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आले, मार्च २०१७ मध्ये लोकांना ते दिसू लागले, गर्दी उसळली आणि दरवाढीचा प्रस्ताव आला. प्रशासनाला मोठ्यांसाठी थेट १०० रुपये हवे होते. नगरसेवकांनी ओरड केली, पेपरांत आलं, घासाघीस झाली. शेवटी १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांना ५० रुपये आणि आई-बाबा व दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपये असं ठरलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा महिन्याचा पास ३० वरून १५० झाला.

या गोष्टीतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, चर्चा झाली म्हणून आकडा निम्मा झाला. कोणीतरी "का?" विचारलं, एवढाच फरक. चौघांच्या कुटुंबाचं तिकीट ही कल्पना तर फारच शहाणपणाची होती. लालबागहून किंवा गोवंडीहून पोरांना घेऊन येणारा माणूस एकटा येत नाही, हे त्या तिकिटाला कळलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. एकाच ठरावात दोन अगदी वेगळी माणसं कोंबली गेली. एक वर्षातून एकदा पेंग्विन बघायला येणारा, दुसरा रोज सकाळी चालायला येणारा. पहिल्याला ५ चे ५० झाले तरी तो येतो, कारण लोकलचं तिकीट, वडापाव, फुगे आणि आइस्क्रीम धरून त्याचा दिवस तसाही चार-पाचशेचा असतो. दुसरा मात्र रोज येतो, महिन्याचा विचार करतो, आणि परवडेनासं झालं की आवाज न करता येणं बंद करतो. त्याची तक्रार येत नाही, मोर्चा निघत नाही, पेपरात फोटो येत नाही. म्हणून पेंग्विनचं उदाहरण देऊन कोणी तलावाची फी वाढवायला निघालं तर त्याला थांबवायला हवं. "तिथे वाढवली, लोक आलेच की!" आले, पण कोण आले आणि कोण यायचं थांबलं?

हे नीट कळायला तलावाचं गणित बघा. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव धरला तर त्यात ४ लाख ६८ हजार ७५० लिटर पाणी मावतं. ते सगळं पाणी फिल्टरमधून फिरवत ठेवावं लागतं, क्लोरीन टाकावं लागतं, पंपाची वीज लागते, जीवरक्षक काठावर बसवावे लागतात. आत दहा जण असोत की साठ, पाणी तेवढंच आणि जीवरक्षक तेवढेच. म्हणजे खर्चाचा मोठा भाग माणसं मोजून वाढत नाही.

आता समजा (आकडे कल्पित आहेत, गणितापुरते) हजार जणांचा महिन्याला २०० रुपयांचा पास आहे. जमा २ लाख. दर दुप्पट केला, साडेचारशे जण गळाले. उरलेले साडेपाचशे गुणिले ४०० म्हणजे २ लाख २० हजार. फायलीवर काय दिसेल? 'उत्पन्नात १० टक्के वाढ.' साहेब खूश. पण खर्च जवळपास तेवढाच राहिला आणि तलावाचा उपयोग जवळजवळ निम्मा झाला. ज्या कामासाठी लोकांच्या पैशातून तलाव बांधला ते काम ४५ टक्क्यांनी कमी झालं, आणि ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही. आमच्याकडे याला चुकीचं मेट्रिक म्हणतात. ज्या आकड्यावर अप्रेझल, तोच आकडा सगळे वाढवतात.

हे केवळ माझ्या एक्सेल शीटमधलं नाही. न्यूयॉर्क महापालिकेने २०११ साली आपल्या रिक्रिएशन सेंटरांची वार्षिक वर्गणी दुप्पट केली. तलाव असलेल्या सेंटरची प्रौढांची वर्गणी ७५ डॉलरवरून १५० डॉलर झाली. सभासद इतके गळाले की जेवढी जादा कमाई धरली होती तेवढी आलीच नाही. मग २०१३ मध्ये १८ ते २४ वर्षांच्या मुलांसाठी २५ डॉलरची वेगळी वर्गणी काढावी लागली. आधी बग प्रॉडक्शनला, मग पॅच.

आणि "मग सगळं फुकटच करा ना" म्हणणाऱ्यांसाठी दुसरं टोक. इंग्लंडमध्ये एप्रिल २००९ पासून १६ वर्षांपर्यंतच्यांना आणि ६० व त्यापुढच्यांना सरकारी मदतीने पोहणं मोफत केलं होतं. जुलै २०१० मध्ये योजना बंद केली. कारण असं दिलं की मोफत पोहणाऱ्यांपैकी बरेच जण आधीपासून पोहतच होते आणि त्यांनी पैसे देऊनही पोहलं असतं. सरकारला पैसे वाचवायचे होते हे आहेच, पण मुद्दा अगदीच खोटा नाही. तिकीट शून्य केलं म्हणून जो कधी आलाच नाही तो आपोआप येत नाही. त्याची अडचण कधी वेळेची असते, कधी अंतराची, कधी कागदपत्रांची. ती अडचण त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणजे वाढवणारेही न विचारता वाढवतात आणि फुकट करणारेही न विचारता फुकट करतात. दोघांचाही नेम चुकतो.

"पण महापालिकेकडे पैसे नकोत का?" हा प्रश्न रास्त आहे, त्याला बगल द्यायची नाही. पिंपरी-चिंचवड महापालिका आशियातली सर्वात श्रीमंत महापालिका आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती श्रीमंती मुख्यतः जकातीची होती. कारखान्यात माल आला की नाक्यावर पैसे पडायचे. १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली आणि एलबीटी आली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांची एलबीटी गेली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. म्हणजे एकेकाळी स्वतःची तिजोरी स्वतः भरणारी संस्था आता महिन्याच्या चेककडे डोळे लावून बसते. अशा संस्थेच्या हातात उरतं काय? मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानग्या आणि या छोट्या छोट्या फिया. मालमत्ता कराला हात लावला की नगरसेवकाच्या दारात लोक. तलावाच्या पासला हात लावला की कोणाच्याच दारात कोणी नाही. सोपं काय पडतं ते तुम्हीच सांगा.

त्यातून कायद्याचीही एक गंमत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. बागा आणि क्रीडांगणं ऐच्छिक कामांमध्ये बसतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बगीचे, क्रीडांगणं हा शहराचा एक विषय म्हणून घातला खरा, पण आपल्या साहेबांच्या डोक्यात तो अजून 'केलं तर उपकार' याच फोल्डरमध्ये सेव्ह आहे.

आणि उपकार कोणावर? या पट्ट्यातली जी श्रीमंती सांगतात ती कोणी तयार केली? बजाजचा आमच्याकडचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला २००९ मध्ये सुरू झाले, आणि त्यांच्या मागे शेकडो व्हेंडर. त्या शेडमध्ये उभी असलेली पोरं बुलढाण्याची, नांदेडची, बीडची, बिहारची, ओडिशाची. एका रूमवर चार-पाच जण. कराराची नोकरी. भाडेकरार एकाच्या नावावर, आधार कार्डावर गावचा पत्ता. आता अशा पोराने पास काढायला गेलं की खिडकीवर पहिला प्रश्न: "रहिवासी पुरावा?" नसेल तर हद्दीबाहेरचा. हद्दीबाहेरचा म्हणजे जादा दर, किंवा "सध्या फॉर्म नाहीत". शहराच्या उत्पादनात तो हद्दीतला, पोहताना हद्दीबाहेरचा.

हा चैनीचा प्रश्न नाही. १५ जून २०२५ चा रविवार आठवा. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. धोकादायक पूल उभा ठेवला आणि त्यावर माणसं जाऊ दिली, हा मूळ गुन्हा. त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण सुट्टीच्या दिवशी फिरायला म्हणून हजारो लोक नदीच्या काठी का जातात, याचाही विचार करा. पाणी बघायचं असतं, पोरांना भिजायचं असतं, आणि तिकिटाशिवाय, पुराव्याशिवाय, बॅचशिवाय मिळणारं पाणी तेवढंच असतं. दर उन्हाळ्यात नदीत आणि खाणीच्या डोहात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. सुरक्षित पाण्याची किंमत ठरवताना त्या बातम्या हिशोबात धरायला नकोत?

तर आता मुख्य मुद्दा, विचारायचं कसं. लोकांना विचारून दर ठरवणं म्हणजे काहीतरी स्वित्झर्लंडमधलं फॅड आहे असा आपल्याकडे समज आहे. अहो, आपल्याच राज्यात विजेचे दर असेच ठरतात! वीज कायदा २००३ प्रमाणे कंपनीला दरवाढीचा अर्ज जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोग त्यांचा विचार करून आदेश देतो. जाहीर सुनावण्या होतात. पुण्यातली 'प्रयास'सारखी संस्था वर्षानुवर्षं आकड्यांची चिरफाड करून तिथे उभी राहते. आयोगाच्या आदेशात कोणी काय म्हटलं, कंपनी काय म्हणाली, आयोगाला काय वाटलं हे छापलेलं असतं. दर वाढायचे ते वाढतातच, पण का वाढले हे वाचता तरी येतं.

तलावाच्या पासासाठी एवढा मोठा आयोग नेमा असं मी म्हणत नाही. कायदा हाताशी आहेच. माहिती अधिकार कायदा २००५ बद्दल आपण फक्त अर्ज करणारे कार्यकर्ते आठवतो. त्याचं कलम ४ वाचा. लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना आणि निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे, आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणं द्यायची आहेत. अर्ज न करता, दहा रुपयांचं तिकीट न लावता. 'वरून आलंय' हे त्या कायद्यात कारण म्हणून बसत नाही. शिवाय कर आणि शुल्क यातला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच शिरूर मठाच्या खटल्यात सांगितला आहे: कर सगळ्यांसाठी, शुल्क विशिष्ट सेवेसाठी. सेवेसाठी पैसे घेताय ना, मग त्या सेवेचा खर्च दाखवायला लाज कसली?

मधली चार वर्षं तर बोलायलाच नको. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड या महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होईपर्यंत 'आयुक्त तथा प्रशासक' असा कारभार चालला. म्हणजे प्रस्ताव आयुक्तांनी ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचा. स्वतःचा कोड स्वतःच रिव्ह्यू करून स्वतःच मर्ज करायचा! आमच्याकडे ज्युनियरने असं केलं तर टीम लीड त्याला चहाला नेऊन समजावतो. राणीबागेत १०० चे ५० झाले ते "का?" विचारणारे समोर बसले होते म्हणून. आता नगरसेवक आले आहेत. ते विचारतात का ते बघायचं.

आमची गंमत आणखी वेगळी. महाळुंगे आज गाव आहे म्हणून इथे ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी गावकरी उभा राहून सरपंचाला तोंडावर विचारू शकतो की हे पैसे कुठे गेले. (गोंधळ होतो, आरडाओरडा होतो, तहकूब होते, सगळं मान्य.) उद्या आम्ही शहर झालो की ही सभा जाणार. शहरांसाठी म्हणून २००९ साली राज्याने क्षेत्र सभेचा कायदा केला, पण त्या सभा कायद्याच्या पुस्तकाबाहेर फारशा आल्याच नाहीत. म्हणजे बढती मिळणार आणि बोलायचा हक्क जाणार. आणि ग्रामसभेचंही फार कौतुक नको, तिथे गावच्या मतदार यादीत नाव असलेलाच सभासद. रूमवरची ती चार-पाच पोरं आजही कोणाच्याच यादीत नाहीत.

लोक हरकती घेत नाहीत, त्यांना इंटरेस्ट नसतो, असंही ऐकायला मिळतं. साफ खोटं. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये आला तेव्हा हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या, सुनावण्यांना हेलपाटे घातले. आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. लोकांनी वेळ दिला, कागद दिले, रजा टाकल्या, हातात काय पडलं? इतकं होऊनही पुढच्या वेळी लोक येतील, पण त्यांना त्यांच्या अर्जाचं काय झालं ते एका ओळीत तरी कळवा.

तर नव्या महापालिकेसाठी (आणि जुन्यांनाही चालेल) माझी स्पेसिफिकेशन अशी:

१. दरबदलाच्या प्रस्तावाबरोबर त्या जागेचा हिशोब लावा. पगार, वीज, पाणी, दुरुस्ती, ठेकेदाराचं बिल, जमा, आणि किती माणसं आली. दोन पानं पुरतात. खिडकीवरही लावा, मराठी आणि हिंदीत.

२. एकच आकडा आणून "हरकत आहे का?" विचारू नका. निदान तीन पर्याय द्या. दर वाढवला तर काय, तोच ठेवून बॅच वाढवल्या तर काय, कुटुंब किंवा विद्यार्थी पास काढला तर काय.

३. सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला मुख्य इमारतीत ठेवली तर निवृत्त मंडळी आणि ठेकेदार येणार. निवृत्तांनी जरूर यावं, त्यांच्यामुळेच चार प्रश्न विचारले जातात. पण या पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि काम तीन शिफ्टमध्ये चालतं. एक सुनावणी गुरुवारी घ्या, एक संध्याकाळी, आणि एक कंपनीच्या कँटीनमध्ये. मतदान जागृतीला कंपनीत जाता ना, तसंच.

४. जे येत नाहीत त्यांना विचारा. तलावावर फॉर्म वाटून फक्त पोहणारेच सापडतात. बाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारा, का येत नाही? पैसे, वेळ, पुरावा, की बायकांसाठी बॅचच नाही?

५. पुरावा पत्त्याचा मागण्याऐवजी कामाचाही चालवा. कंपनीचं ओळखपत्र, ठेकेदाराचं पत्र, काहीही. जो इथे राबतो तो इथला.

६. प्रत्येक हरकतीला उत्तर द्या. "मान्य", "अमान्य, कारण अमुक". कारण नसेल तर प्रस्ताव मागे घ्या.

७. वर्षभराने तेच आकडे पुन्हा लावा. माणसं कमी झाली असतील तर दर आपोआप पुन्हा चर्चेला यावा. रोलबॅक प्लॅन नसलेला रिलीज आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका.

यात कुठेही मी दर वाढवू नका म्हटलेलं नाही. हिशोब दाखवलात आणि तलाव स्वच्छ ठेवलात तर मी स्वतः दुप्पट पैसे देईन, मला परवडतं. आयटीतल्या माणसाला दीडशे-दोनशे रुपयांनी फरक पडत नाही, आणि नेमकं म्हणूनच दर ठरवताना माझ्यासारख्याचं मत पुरेसं नाही. दुसऱ्या शिफ्टहून रात्री रूमवर येणारा, वीस-बावीस वर्षांचा, कराराचे किती महिने उरले ते मोजणारा मुलगा काय म्हणतो ते ऐकायला हवं. त्याला आजवर कोणी काहीच विचारलेलं नाही. पगार किती हवा ते विचारलं नाही, बस कुठून हवी ते विचारलं नाही. तलावाच्या पासपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

हरकत असल्यास लेखी कळवावी. :-)